चार जुलाब, एक गोळी आणि आतड्यातली वस्ती

बेंबळीच्या माणसाला पोटाचं दुखणं सांगायला फार शब्द लागत नाहीत. "डाक्टर, बेंबीपाशी मुरडा येतोय," एवढं म्हणून तो पोटावर हात ठेवतो आणि गप्प बसतो. पुढचं आपण ओळखायचं. आमच्याकडं मदतीला असलेला मुलगा गमतीनं म्हणतो, "सर, गावाचं नावच बेंबळी, दुखणं दुसरीकडून कसं सुरू होईल!"

मागच्या पावसाळ्यात एक आई आपल्या विशीतल्या मुलाला घेऊन आली. (तपशील थोडे बदलले आहेत, कोणी ओळखू नये म्हणून.) पोरगा वाळून गेलेला, डोळ्यांखाली पांढरट. आठ महिन्यांपासून दिवसातून सात-आठ वेळा संडास, त्यात रक्त आणि आव. रात्री झोपेतून उठून दोनदा जावं लागायचं. "लेकराच्या पोटात काहीच राहीना बघा. गोळ्या घेतल्या की दोन-चार दिवस बरं वाटतंय, पुन्हा तसंच," असं सांगत त्या माउलीनं पिशवीतून रिकाम्या पाकिटांचा ढीग काढून टेबलावर ठेवला. मी ती पाकिटं एकेक करून ओळीनं मांडली. सात वेगवेगळ्या कंपन्या, सात वेगवेगळी नावं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते सगळ्यांवर एकच: ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल.

काही मेडिकलवाल्यानं दिलेली, काही वेगवेगळ्या दवाखान्यांतली. पाकिटांबरोबर काही चिठ्ठ्याही होत्या. त्यातल्या एका चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं.

म्हणून हा लेख. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःची चिठ्ठी वाचावी लागते. सहा महिन्यांपूर्वी हाच मुलगा गर्दीच्या दिवशी माझ्यासमोर दोन मिनिटं बसला होता. जुलाब म्हणाला, मुरडा म्हणाला. रक्त पडतं का, हे मी विचारलं नाही आणि त्यानं लाजेनं सांगितलं नाही. मी पाच दिवसांची गोळी लिहिली. पुढं सोलापूरला दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासला गेला आणि निदान आलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

हा आजार म्हणजे काय, ते आधी

आतड्याला दीर्घकाळ सूज राहणं, आतून जखमा होणं, मधूनमधून उचल खाणं आणि मधूनमधून शांत बसणं, अशा आजारांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. त्यात मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो, गुदद्वारापासून वर सरकत जातो आणि आतड्याचं आतलं अस्तर सोलवटून टाकतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तो भाग त्याचा जास्त आवडता. आपल्याकडं टीबीही नेमका तिथंच बसतो. त्यामुळं क्रोन्सच्या कित्येक रुग्णांना आधी सहा-सहा महिने टीबीची औषधं घ्यावी लागतात आणि मग कळतं की टीबी नव्हताच. उलटही घडतं. हा गोंधळ मुद्दाम कोणी करत नाही, दोन्ही आजार दुर्बिणीतून आणि तुकड्यातूनही जवळजवळ सारखेच दिसतात.

आयबीएस नावाचा दुसरा एक त्रास आहे. नाव जवळचं, पण त्यात आतड्याला जखम नसते, रक्त पडत नाही, वजन घटत नाही. आणि मूळव्याध तर वेगळीच. आमच्या भागात संडासात रक्त दिसलं की माणूस स्वतःच "मूळव्याध" असं निदान करतो आणि कुठल्यातरी खोलीत बसलेल्या इंजेक्शनवाल्याकडं जातो. मूळव्याधीचं रक्त बहुतेक वेळा संडासनंतर थेंब-थेंब पडतं. आवेत मिसळलेलं रक्त, पातळ संडास, रात्री उठावं लागणं आणि वजन उतरणं, हे चार एकत्र आले की ती मूळव्याध समजून चालायचं नाही.

हा श्रीमंत देशांचा आजार आहे, असं आम्हाला शिकवलं होतं. ते आता खरं राहिलेलं नाही. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन पाहणी केली होती. 2003 मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध झाले: दर लाखामागं सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याआधी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात असं दिसलं होतं की भारतीय उपखंडातून तिकडं गेलेल्या कुटुंबांत हा आजार गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षाही जास्त आढळतो. माणसं तीच, रक्त तेच, आजोबांचे जनुक तेच. बदललं ते राहणं, खाणं, औषधं आणि त्याबरोबर पोटातली वस्ती.

वस्ती म्हणजे कोणाची

आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीनं. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं हिशोब मांडून हा आकडा काढला. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात आणि त्यांचं सगळ्यांचं मिळून वजन पावशेराच्याही आत भरतं. "जंतू" म्हटलं की आपल्याला मारायचंच सुचतं, पण हे जंतू आपले भाडेकरू आहेत आणि भाडं वेळेवर देतात.

ते भाडं कसं येतं पाहा. ज्वारीच्या भाकरीतला, हरभऱ्याच्या टरफलातला, भाजीच्या देठातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो खाली मोठ्या आतड्यात जातो. तिथले काही जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य अन्न तेच. त्यांना लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 70 टक्के वाटा ब्युटिरेटमधून येतो. म्हणजे आपण जेवतो तेव्हा आपलं मोठं आतडं जेवत नाही, ते या भाडेकरूंनी रांधलेलं खातं. शिवाय हेच ब्युटिरेट आतड्यातल्या पहारेकरी पेशींना, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीला, "हे आपलेच आहेत, लाठी खाली ठेवा" असं सांगत राहतं.

आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. जिवाणू बाहेर आणि आपल्या पेशी आत, मधे हा बांध. 2016 मध्येच लक्झेंबर्ग आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जिवाणू वसवले आणि उंदरांना चोथा नसलेलं खाणं दिलं. भुकेल्या जिवाणूंनी काय केलं, तर त्या बांधाचीच माती खायला सुरुवात केली. थर पातळ झाला, आणि मग आतड्याचा रोग लावणारा एक जंतू सोडला तेव्हा तो सहज आत शिरला. उंदरांवरचा प्रयोग आहे, माणसाला जसाच्या तसा लागू करू नका. पण आमच्या भागातली पोरं चहा-बिस्किट, मैद्याची खारी आणि पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांवर दिवस काढताना दिसतात तेव्हा मला ते उंदीर आठवतात.

आयबीडी असलेल्या माणसाच्या आतड्यात ही वस्ती विसकटलेली असते. जिवाणूंच्या जाती कमी होतात. ब्युटिरेट तयार करणारे कमी होतात, विशेषतः फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय नावाचा एक. नाव मोठं आहे, लक्षात ठेवायची गरज नाही. फ्रान्समध्ये 2008 साली असं दिसलं की क्रोन्सच्या ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या आतड्यात हा जिवाणू कमी होता त्यांचा आजार सहा महिन्यांत जास्त करून परतला. आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलाय आणि त्याच्या भाऊबंदांची संख्या वाढते. क्रोन्समध्ये तर ई. कोलायची एक जात थेट अस्तराला चिकटून पेशींच्या आत शिरते.

मग प्रश्न येतोच: वस्ती बिघडली म्हणून आजार झाला, की आजारानं वस्ती बिघडवली? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी 1991 मध्ये क्रोन्सच्या काही रुग्णांत, सुजलेला भाग कापल्यावर, विष्ठेचा प्रवाह काही महिने पोटावरच्या छिद्रातून बाहेर वळवला. जोडलेल्या कोरड्या आतड्यात आजार परतला नाही. प्रवाह पुन्हा सुरू झाला तसा आजारही परतला. म्हणजे आतड्यातून जे वाहतं त्याच्याशिवाय ही आग पेटत नाही. पण त्याच विष्ठेनं घरातल्या दुसऱ्या माणसाला काही होत नाही. त्याच्या पहारेकऱ्यांना भाडेकरू ओळखता येतात, रुग्णाच्या पहारेकऱ्यांना येत नाहीत. म्हणून हा संसर्ग नव्हे. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, लग्न मोडायची तर मुळीच नाही.

आता त्या गोळीकडं

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या औषधांची नोंद सरकारकडं असते. तिथल्या 10 वर्षांवरच्या 61 लाख लोकांच्या 2000 ते 2018 या काळातल्या नोंदी तपासून 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिक घेतलेल्यांत पुढं आयबीडी होण्याचं प्रमाण जास्त निघालं: 10 ते 40 वयोगटात 28 टक्क्यांनी, 40 ते 60 मध्ये 48 टक्क्यांनी, साठीनंतर 47 टक्क्यांनी. जितके कोर्स जास्त तितका धोका जास्त. औषध घेतल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात सगळ्यात जास्त. आणि कोणत्या औषधांनी सगळ्यात जास्त? नायट्रोइमिडॅझोल आणि फ्लुरोक्विनोलोन या दोन गटांनी.

ऑर्निडॅझोल पहिल्या गटातलं. ओफ्लॉक्सासिन दुसऱ्या गटातलं. डेन्मार्कमध्ये जी दोन औषधं वेगवेगळी तपासली गेली ती आपल्याकडं एकाच गोळीत मिळतात, आणि ती मागायला चिठ्ठी लागत नाही. "ढाळ लागलेत" एवढं पुरतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशा अभ्यासातून "गोळीनं आजार झाला" असं सिद्ध होत नाही. आजार आतून आधीच सुरू झालेला असेल, त्याचे जुलाब म्हणून लोकांनी गोळ्या घेतल्या असतील, असंही असू शकतं. माझ्याकडच्या मुलाचं बहुधा तसंच झालं असावं. आणि आजार मुळात विरळ आहे. आयुष्यात दोनदा ही गोळी घेतली म्हणून कोणी रात्रीची झोप घालवू नये. पण तरीही माझं मत बदलत नाही. ज्याला आयबीडी होणार नव्हता त्याच्या साध्या जुलाबाला ही गोळी लागत नव्हती, कारण असे बहुतेक जुलाब जलसंजीवनी, पेज आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनं थांबतात. आणि ज्याला आयबीडी होता त्याचं निदान या गोळीनं महिनोन्‌महिने लांबवलं. वस्तीतल्या ई. कोलायला थोडा चाप बसतो, चार दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्या आधारावर माणूस पुढचं पाकीट आणतो. दोन्हीकडून तोटाच. तिसरा माणूस, ज्याला खरंच तीव्र ताप आणि रक्ती हगवण आहे किंवा अमिबाची बाधा आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं. पण ते कोणतं आणि किती दिवस, हे तपासून ठरवायचं असतं. आयबीडीतही गुदद्वाराजवळ गळू झालं, नासूर झाला, ऑपरेशननंतर काही विशिष्ट त्रास झाला तर अँटिबायोटिक देतात. मी औषधाच्या विरोधात नाही, सवयीच्या विरोधात आहे.

अजून एक गोष्ट, जी बहुतेक रुग्णांना कोणी सांगत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर सल्फासॅलॅझिन नावाचं एक जुनं, स्वस्त औषध आहे. ते स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सुमारे 80 वर्षांपूर्वी पुढं आणलं. आपल्याकडं नाना म्हटलं की धोतर आणि टोपी डोळ्यांपुढं येते, पण या नाना म्हणजे बाई होत्या, 1937 मध्ये सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या स्वीडनमधल्या पहिल्या स्त्री. त्यांनी ते मुळात सांधेदुखीसाठी करून पाहिलं आणि ते आतड्यालाही लागू पडलं. या औषधात दोन भाग साखळीनं जोडलेले असतात. ती साखळी आपलं शरीर तोडू शकत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात आणि मग औषध मोकळं होऊन काम करतं. 1972 मध्ये जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांवर हे तपासलं गेलं: जिवाणू नाहीत, तर साखळी तुटत नाही. म्हणजे एका हातानं सल्फासॅलॅझिन गिळायचं आणि दुसऱ्या हातानं अँटिबायोटिकनं ते जिवाणू मारायचे, याला आमच्याकडं काय म्हणतात ते लिहीत नाही.

मग दही खाऊ का, बाटली घेऊ का

हा प्रश्न रोजचा. मेडिकलमध्ये छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात, त्यात साधारण 2 अब्ज बीजाणू असतात. पचनाला चांगल्या म्हणून लोक त्या चहासारख्या पितात. आयबीडीवर त्यांचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. पुरावा आहे तो वेगळ्या गोष्टीचा. भारतातच, लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं अनेक केंद्रांत झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य-मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या 147 रुग्णांना आठ जातींच्या जिवाणूंचं मिश्रण किंवा नुसती पूड दिली. 12 आठवड्यांत मिश्रणवाल्यांपैकी सुमारे 43 टक्के लोकांचा आजार शांत झाला, पूडवाल्यांपैकी सुमारे 16 टक्के. पण मात्रा किती? एका वेळेला 3,600 अब्ज, दिवसातून दोनदा. दुकानातल्या बाटलीशी ताळा करून पाहा. शिवाय क्रोन्समध्ये असा फायदा दिसलेला नाही.

जर्मनीतल्या डॉ. आल्फ्रेड निस्ले यांची गोष्ट मला आवडते. पहिल्या महायुद्धात एका छावणीत सगळे सैनिक हगवणीनं आडवे झाले आणि एकाला काहीच झालं नाही. 1917 मध्ये निस्लेंनी त्याच्याच विष्ठेतून ई. कोलायची एक निरुपद्रवी जात वेगळी काढली. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवण्यात ती पुढं नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरली. म्हणजे ई. कोलाय म्हणून सरसकट शत्रूही नाही. कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं. ही गोष्ट माणसांबद्दलही खरी असती तर बरं झालं असतं, पण आपल्याकडं जात बघायची खोड नको तिथं आहे.

दही-ताकाबद्दल माझं म्हणणं साधं आहे. सोसत असेल तर खुशाल खा. उचल खाल्लेली असताना काहींना दूध सोसत नाही, त्यांनी थांबावं. पण दह्यातले जिवाणू पाहुणे असतात, आतड्यात कायमचे घर करत नाहीत. ज्वारीचं बी सिमेंटवर टाकलं तर उगवणार नाही, आधी रान तयार पाहिजे.

रान तयार करण्याची सगळ्यात धाडसी पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये तपासली गेली. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू दुर्बिणीतून रुग्णाच्या आतड्यात सोडायचे, दर आठवड्याला एकदा, सात वेळा, आणि त्याबरोबर सूज वाढवणारे पदार्थ टाळून आखलेला आहार. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सौम्य-मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसचे 66 रुग्ण होते. आठ आठवड्यांनी या पद्धतीच्या 35 पैकी 21 जणांचा आजार शांत झाला होता, नेहमीच्या औषधोपचाराच्या 31 पैकी 10 जणांचा. पुढं ज्यांना गुण आला त्यांनी नुसता आहार चालू ठेवला आणि वर्षअखेरीस त्यांच्यातल्या चारांत एकाचं आतडं आतूनही स्वच्छ दिसलं. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता.

पण मला या चाचणीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आकड्यांची वाटत नाही. दाते कोण निवडले, ते पाहा: एक नव्हे, अनेक, आणि खेड्यातले. दिल्लीत दात्यांची काय वानवा? पण त्यांना खेड्यातली वस्ती हवी होती.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर बरंच काम केलं आहे. 2016 मध्ये त्यांनी दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचं प्रमाण इतर देशांच्या मानानं जास्त आहे. प्रिव्होटेला हा धान्य-डाळी-भाजीचा चोथा पचवणारा गडी. युरोप-अमेरिकेतल्या वस्तीपेक्षा आपली वस्ती निराळी, आणि ती ज्वारी-तुरीवर पोसलेली.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी येळवस आठवावी. आमच्याकडं आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात वेळ अमावास्येला गावं ओस पडतात, सगळे रानात. भज्जीत काय नसतं? तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, रानात हाताला येईल ते. सोबत उंडे, आणि मडक्यात आंबवलेली ज्वारीच्या पिठाची आंबील. एका दिवसात पंधरा-वीस वनस्पती पोटात जातात. जिवाणूंच्या दृष्टीनं हीच दिवाळी. आणि वर्षातल्या बाकीच्या दिवसांत? सोयाबीनला भाव म्हणून ज्वारीचा पेरा घटला, भाकरीच्या जागी रेशनच्या गव्हाची पोळी आली, हुलग्याचं माडगं म्हातारीबरोबर गेलं. दिल्लीचे डॉक्टर खेड्यातल्या माणसाच्या पोटातली वस्ती रुग्णाला वाचवायला वापरतात, आणि खेड्यात आपण ती उपाशी ठेवतो, वर जुलाबाच्या गोळीनं मारतो. माझा राग यावर आहे, आणि त्यात माझी चिठ्ठीही आली.

आता सावधगिरी, कारण असे लेख वाचून माणसं दुसऱ्या टोकाला जातात. विष्ठेतून जिवाणू देण्याचा प्रकार घरी करायचा नाही, कोणाच्या सांगण्यावरून करायचा नाही. 2019 मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला, म्हणून तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. हे अजून संशोधनाच्या पातळीवरचं काम आहे.

चोथ्याबद्दलही तसंच. आजार शांत असताना भाकरी, डाळी, भाज्या हळूहळू वाढवाव्यात. उचल खाल्लेली असेल, रक्त पडत असेल तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, शिजवून घोटलेली भाजी. क्रोन्समध्ये आतडं कुठं अरुंद झालं असेल तर कच्ची काकडी, मक्याचं कणीस, शेंगांची टरफलं अडकून आतडं बंद पडू शकतं. अशा रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोथा वाढवू नये. शेजारणीला जे सोसलं ते तुम्हाला सोसेलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, औषध सोडायचं नाही. एम्सच्या चाचणीतल्या रुग्णांनी त्यांची नेहमीची औषधं बंद करून आहार घेतलेला नव्हता. बरं वाटायला लागलं की मेसालामाइन बंद करणारे रुग्ण मी दर महिन्याला पाहतो. तीन-चार महिने छान जातात, मग एक दिवस पुन्हा रक्त. तोवर आतडं आतून आणखी सोललेलं असतं. शांत असलेला आजार म्हणजे बरा झालेला आजार नव्हे. मोठ्या आतड्याचा बराच भाग धरलेला असेल आणि सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर तिथं कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक अंतरानं दुर्बिणीची तपासणी करावी लागते.

तपासणीचं नाव काढलं की लोक बिचकतात. सोलापूर किंवा लातूरला जायचं, एक दिवसाची मजुरी बुडते, पोट साफ करायचं औषध पिऊन रात्र जागून काढायची. मला हे कळतं. म्हणून आधी विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन तपासता येतं. शहरातल्या लॅबकडं नमुना पाठवला की होतं. ते वाढलेलं असेल तर आतड्यात सूज आहे, नसेल तर बहुधा नाही, आणि मग दुर्बिणीची घाई नको. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस पातळ संडास असेल, त्यात रक्त-आव असेल, तर पुढच्या पाकिटाआधी ही तपासणी मागा. डॉक्टरानं विचारलं नाही तर तुम्ही सांगा, रक्त पडतंय. लाजायचं आम्ही, तुम्ही नाही.

तो मुलगा आता महिन्याला येतो. गोळ्या चालू आहेत, वजन पाच किलोनं वाढलंय, शेतात जातो. गेल्या खेपेला त्याच्या आईनं विचारलं, "डाक्टर, येळवशीला आंबील देऊ का त्याला? की तुमचं पथ्य?" मी म्हटलं, रक्त नाही ना पडत? मग द्या. आधी अर्धी वाटी द्या, दोन दिवस बघा. त्या हसल्या, म्हणाल्या, "अर्ध्या वाटीला तो ऐकतोय व्हय!"